फायनल इयरच्या प्रोजेक्टात ‘न तुटणारं एन्क्रिप्शन’ टाकलंय? मग एक्स्टर्नल यायच्या आत ते असं तपासा

मार्च-एप्रिल आला की नांदेड घ्या, लातूर घ्या, परभणी घ्या नाहीतर संभाजीनगर, कॉम्प्युटरच्या फायनल इयरला एक तरी ग्रुप असतोच ज्याच्या ब्लॅक बुकात (प्रोजेक्ट रिपोर्टात) लिहिलेलं असतं की आम्ही नवीन एन्क्रिप्शन अल्गोरिदम, म्हणजे मेसेज गुप्त करायची पद्धत, बनवलाय आणि तो तोडणं अशक्य आहे. काहून अशक्य, असं विचारलं की उत्तरं दोनच. एक, “सर, की लई मोठी आहे.” दुसरं, जरा वाचलेला ग्रुप असला तर, “सर, आमच्या खाली जो प्रॉब्लेम आहे तो एनपी-हार्ड आहे.”

पहिलं उत्तर एका मिनिटात निकाली निघतं (की म्हणजे मेसेज उघडायची गुप्त किल्ली). इंग्रजीची २६ अक्षरं हवी तशी अदलाबदल करायची जी जुनी पद्धत आहे तिच्या कीज जवळपास २ चा ८८ वा घात एवढ्या होतात, म्हणजे सगळ्या एकेक करून बघायच्या म्हटलं तर जन्म पुरायचा नाही, आणि तरी शाळेतलं पोरगंसुद्धा कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोजून ती फोडतं. की मोठी असणं गरजेचं आहे, पुरेसं नाही. संपला विषय.

दुसरं उत्तर मात्र थांबून बघण्यासारखं आहे, कारण ते चुकीचं आहे पण ते कुठं चुकतं हे एकदा डोक्यात बसलं की कॉम्प्लेक्सिटी थिअरी आणि क्रिप्टोग्राफीचं नातं आपोआप समजतं, वेगळा चाप्टर पाठ करायची गरज पडत नाही. त्यामुळं ही गाईड त्याच क्रमानं लिहितोय ज्या क्रमानं तुम्ही स्वतःचा दावा तपासायला पाहिजे. लागणार काय, तर वही-पेन, मॉड्युलो गणित, थोडीशी प्रॉबॅबिलिटी आणि पायथन असलेला कसलाही लॅपटॉप.

पी-एनपीची उजळणी दोन ओळीत करून घेऊ. पी म्हणजे जे प्रॉब्लेम इनपुटच्या लांबीच्या कुठल्यातरी ठराविक घाताएवढ्या स्टेप्समध्ये सुटतात ते. एनपी म्हणजे ज्यांचं उत्तर कुणी हातात आणून दिलं तर ते बरोबर आहे का हे तेवढ्याच पटकन तपासता येतं ते. एनपी-हार्ड म्हणजे तो एक सुटला की एनपीतले सगळेच सुटले, आणि असा प्रॉब्लेम स्वतः एनपीतलाच असला तर तो एनपी-कम्प्लीट. कुकनं १९७१ मध्ये पहिला दाखवला, कार्पनं १९७२ मध्ये २१ ची यादी दिली, आणि त्या यादीत सबसेट-सम आहे, म्हणजे आकड्यांचा एक ढीग दिलाय, त्यातले कुठले घेतले म्हणजे अमुक बेरीज येते ते शोधा.

आता पहिली तपासणी. तुमचा प्रॉब्लेम एनपी-हार्ड आहे म्हणजे नेमकं काय सिद्ध झालंय? एवढंच, की (पी आणि एनपी वेगळे आहेत असं मानलं तर) कुठलाही फास्ट अल्गोरिदम त्याची *सगळी* उदाहरणं सोडवू शकत नाही. कुठंतरी काही उदाहरणं अवघड आहेत. तुमचा प्रोग्राम रोज ज्या कीज बनवतो ती उदाहरणं अवघड आहेत असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. वर्स्ट केस आणि अ‍ॅव्हरेज केस यांच्यातली ही दरी आहे आणि ती किती खोल आहे हे बघायचं असेल तर मर्कल-हेलमनची १९७८ ची नॅपसॅक सिस्टीम वहीवर एकदा कराच.

असं करा. पाच आकडे घ्या ज्यात प्रत्येक आकडा आधीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे: २, ५, ९, २०, ४१. हे गुपित. ८३ हा मॉड्युलस घ्या, ३१ नं प्रत्येकाला गुणा आणि ८३ नं भागून बाकी ठेवा, मिळतं ६२, ७२, ३०, ३९, २६. हे जगाला देऊन टाका, ही पब्लिक की. समोरच्याला १०११० पाठवायचंय, तो पहिला, तिसरा, चौथा आकडा मिळवतो, १३१, आणि पाठवतो. मधल्या माणसाला १३१ दिसतं आणि पाच वेडेवाकडे आकडे दिसतात, म्हणजे त्याच्यासाठी सबसेट-सम. तुमच्याकडं मात्र ३१ चा ८३ मधला इन्व्हर्स आहे, ७५ (३१ ला ७५ नं गुणून ८३ नं भागलं की बाकी १). १३१ ला ७५ नं गुणून ८३ नं भागा, बाकी ३१. आता गुपित यादीत मोठ्याकडून या: ४१ बसत नाही, २० बसतो उरले ११, ९ बसतो उरले २, ५ बसत नाही, २ बसतो. १०११०. कसं भारी वाटतंय! पाचाच्या जागी शंभर-दोनशे आकडे घेतले की एनपी-कम्प्लीट प्रॉब्लेमवर उभी असलेली सिस्टीम तयार.

आणि १९८२ मध्ये शमीरनं ती पॉलिनॉमियल टाइममध्ये फोडली. सबसेट-सम आजही एनपी-कम्प्लीटच आहे, त्याला ओरखडाही गेला नाही. पण मर्कल-हेलमन ज्या *नमुन्याची* गणितं बनवत होते, वरून विस्कटलेली पण आतून चढती यादी लपवलेली, तो नमुना सोपा निघाला. तुमच्या प्रोजेक्टातला ‘एनपी-हार्ड’ हा शब्द ९९ टक्के वेळा इथंच मरतो.

मग पाहिजे काय? इथं कॉम्प्लेक्सिटीचा संशोधक इम्पाग्लियाझो याची १९९५ ची मांडणी लई कामाची आहे. त्यानं लहानपणीचा गाऊस आणि त्याला अवघड गणित घालून गप्प बसवायला बघणारे मास्तर अशी जोडी घेतली होती, आपण ती लातूरला आणू. क्लासमध्ये एक टॉपर आहे जो सरांना सळो की पळो करून सोडतो, आणि सरांना त्याच्यासमोर असं गणित टाकायचंय जे त्याला सुटणार नाही पण उत्तर सरांना स्वतःला माहीत असेल, नाहीतर पोरांसमोर सरांचीच इज्जत जाईल. आता जग पाच प्रकारचं असू शकतं. पहिलं अल्गोरिदमिका, पी आणि एनपी एकच, जे उत्तर सर तपासू शकतात ते टॉपर काढूही शकतो, सरांचा खेळ खल्लास. दुसरं ह्युरिस्टिका, अवघड गणितं आहेत पण ती शोधून काढायला सरांना टॉपरला सोडवायला लागतो जवळपास तेवढाच वेळ लागतो. तिसरं पेसिलँड, सर अवघड गणितं धडाधड काढू शकतात पण उत्तर त्यांनाही येत नाही. ही सगळ्यात वाईट जागा, कारण टॉपरलाही काही सुटत नाही आणि सरांनाही उपयोग नाही, म्हणजे अवघडपणाचा त्रास पूर्ण आणि क्रिप्टोग्राफी शून्य. चौथं मिनिक्रिप्ट, सर गणित उत्तरासकट तयार करू शकतात. आणि पाचवं क्रिप्टोमेनिया, सर भर वर्गात मोठ्यानं बोलून दुसऱ्या एका पोराला असं काही सांगू शकतात की टॉपर सगळं ऐकतोय तरी त्याला पत्ता लागत नाही, याचंच नाव पब्लिक की.

आपण कुठल्या जगात राहतो हे आजपर्यंत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. पाचव्यात आहोत असं धरून आख्खं यूपीआय चाललंय. आणि हे पण लक्षात घ्या की उद्या कुणी पी आणि एनपी वेगळे आहेत हे सिद्ध करून त्यासाठी ठेवलेले क्ले इन्स्टिट्यूटचे १० लाख डॉलर बक्षीस खिशात घातले, तरी त्यानं फक्त पहिलं जग बाद होतं. दुसरं-तिसरं तसंच उभं राहतं.

तर दुसरी तपासणी हीच, तुमची सिस्टीम अवघड उदाहरण उत्तरासकट, रँडम पद्धतीनं, पटापट बनवते का? याला नाव आहे वन-वे फंक्शन. एक्स वरून एफ ऑफ एक्स काढणं सोपं, आणि रँडम एक्स घेऊन काढलेल्या किमतीवरून कुठलाही चालणारा एक्स परत शोधण्यात पॉलिनॉमियल टाइमवाल्या कुठल्याही अल्गोरिदमला यश येण्याची शक्यता नगण्य. नगण्य म्हणजे इनपुटची लांबी एन वाढवत नेली की ती १ भागिले एनचा कुठलाही ठराविक घात, या सगळ्यांपेक्षा खाली जायला पाहिजे. एवढं कडक काहून, तर हल्ला करणारा एकदा हरला म्हणून घरी जात नाही, हजारदा लाखदा करून बघतो, तेवढ्या वेळा करूनही शक्यता नगण्यच राहिली पाहिजे.

ही व्याख्या किती चावते ते बघा. गुणाकार घ्या, कुठलेही दोन रँडम आकडे गुणायचे. वन-वे आहे? नाही! चारातल्या तीन वेळा गुणाकार सम येतो, मग २ आणि उरलेला अर्धा असं उत्तर फेकलं की झालं (लांबीची बारीक अट सोडून देऊ). म्हणून दोन्ही आकडे प्राइम घ्यायचे. नाहीतर याओचा १९८२ चा मार्ग, थोडंसं अवघड असलेलं फंक्शन बऱ्याच वेगवेगळ्या रँडम इनपुटवर एकदम लावायचं, सगळी उलटवायची म्हटलं की पूर्ण अवघड होतं.

आता लॅपटॉप उघडा. २०-२० बिटचे दोन प्राइम गुणा आणि २ पासून एकेक आकड्यानं भागत जाणारा लूप लावून गुणाकार परत फोडा, जास्तीत जास्त साधारण १० लाख स्टेप्स, पटकन होईल. ३०-३० बिटचे घ्या, १०७ कोटी, चहा पिऊन या. ४०-४० चे घ्या, १.१ लाख कोटी, लॅपटॉप गरम होऊन फॅन ओरडायला लागेल, बंद करा. गुणाकाराला मात्र तिन्ही वेळा काहीच वेळ लागला नाही. पण इथं खूश होऊन थांबू नका, कारण तुमचा लूप म्हणजे सगळ्यात मठ्ठ हल्ला आहे आणि सिक्युरिटी नेहमी सगळ्यात हुशार हल्ल्यावर मोजायची. पोलार्डची रो पद्धत लिहून बघा, वीसेक ओळींचा कोड आहे, तुमचं ८० बिटवालं हसत हसत फुटेल. त्याच्यावर नंबर फील्ड सीव्ह आहे, त्यानं फेब्रुवारी २०२० मध्ये आरएसए-२५० नावाचा ८२९ बिटचा आकडा फोडलाय, एका कोअरवर केलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती एवढं काम झालं. प्रोजेक्टात “आम्ही ब्रूट फोर्स करून बघितलं, तुटलं नाही” असा टेबल टाकलेला असतो ना, तो टेबल काढून टाका, त्यानं काहीच सिद्ध होत नाही.

एक गोंधळ व्हायवात हमखास होतो म्हणून सांगतो. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आकडा प्राइम आहे का नाही हे पॉलिनॉमियल टाइममध्ये ओळखता येतं हे सिद्ध केलं. त्यानं आरएसए, म्हणजे दोन मोठ्या प्राइमच्या गुणाकारावर उभी असलेली पब्लिक की पद्धत, तुटलं नाही. आकडा प्राइम नाही एवढं कळणं वेगळं आणि त्याचे तुकडे कुठले ते सापडणं वेगळं.

आणि आता गंमत. फॅक्टरिंग (आकड्याचे प्राइम तुकडे शोधणं) एनपी-कम्प्लीट असेल असं जवळपास कुणालाच वाटत नाही, कारण त्याचा होय-नाहीवाला प्रश्न एनपी आणि को-एनपी (ज्यात ‘नाही’ या उत्तराचा पुरावा पटकन तपासता येतो) दोन्हीत आहे, तो एनपी-कम्प्लीट निघाला तर एनपी आणि को-एनपी एकच व्हावे लागतील. म्हणजे कॉम्प्लेक्सिटीच्या यादीत जो ‘जास्त अवघड’ तो नॅपसॅक पडला, आणि जो ‘कमी अवघड’ तो फॅक्टरिंग १९७७ पासून आरएसएला टेकू देऊन उभा आहे. यादीतला नंबर बघून प्रॉब्लेम निवडू नका राव.

तिसरी तपासणी रिडक्शनची (म्हणजे एक प्रॉब्लेम सोडवणाऱ्याला वापरून दुसरा सोडवणं), आणि इथं मी जास्त वेळ घालवणार कारण इथंच दिशा उलटी होते. पोरं लिहितात, “फॅक्टरिंग जमलं तर आमची सिस्टीम तुटते, म्हणून आमची सिस्टीम फॅक्टरिंगएवढी सेफ.” उलटं झालं ना! दाखवायचं असतं ते हे, की कुणी तुमची सिस्टीम फोडली तर त्याच माणसाला हाताशी धरून आपण फॅक्टरिंग करू शकतो. मग जग इतकी वर्षं फॅक्टरिंग करू शकलं नाही तर तुमची सिस्टीमही फोडू शकणार नाही.

रेबिननं १९७९ मध्ये हे वर्ग करण्यावर दाखवलं. ७७ घ्या, आणि समजा तुमच्याकडं एक पेटी आहे जी ७७ च्या मॉड्युलोत कुठल्याही वर्गाचं वर्गमूळ देते. तुम्ही मनात १० धरा, वर्ग १००, ७७ वजा केले, २३. पेटीला २३ द्या. २३ ची वर्गमुळं चार आहेत: १०, ६७, ३२, ४५. पेटीनं ४५ दिलं समजा. ४५ वजा १० म्हणजे ३५, ३५ आणि ७७ चा मसावि ७. झालं, ७७ फुटला, ७ गुणिले ११! पेटीनं १० किंवा ६७ दिलं असतं तर काही मिळालं नसतं, पण तुम्ही मनात चारपैकी कुठला धरला होता हे पेटीला कळायचा मार्गच नाही, त्यामुळं दर वेळी निम्मी शक्यता, दहा-वीस वेळा करा, काम होतंच. म्हणजे वर्गमूळ काढणं आणि फॅक्टरिंग सारखंच अवघड. आरएसएसाठी असं रिडक्शन आजही कुणाकडं नाही, म्हणून “आरएसए म्हणजे फॅक्टरिंग” असं ब्लॅक बुकात लिहू नका, “आरएसएचं गृहीतक” असं लिहा.

रेबिनच्या या प्रूफमध्येच एक काटा पण आहे. समजा हल्लेखोर तुमच्या सर्व्हरला हवे ते मेसेज पाठवून डिक्रिप्ट करून घेऊ शकतो. मग तुमचा सर्व्हर हीच ती पेटी झाली की नाही? त्याच तीन ओळींच्या गणितानं तो तुमची की घेऊन जातो. म्हणून ‘सिक्युअर’ हा शब्द एकटा कधी लिहायचा नाही, हल्लेखोराला काय काय करायची मुभा दिलीय तेही सोबत पाहिजे.

चौथी तपासणी, पूर्ण मेसेज सापडत नाही एवढ्यावर समाधान मानू नका. एखादं वन-वे फंक्शन घ्या आणि त्याच्या आउटपुटला इनपुटचा दुसरा अर्धा भाग उघडाच चिकटवा, इनपुट दुप्पट झालं, फंक्शन अजून वन-वेच आहे, पण निम्मं गुपित रस्त्यावर. गोल्डराइश आणि लेविननं १९८९ मध्ये दाखवलं की कुठल्याही वन-वे फंक्शनला किंचित बदलून एक बिट असा काढता येतो ज्याचा अंदाज नाणेफेकीपेक्षा बरा कुणालाच लावता येत नाही: इनपुटएवढीच लांब एक रँडम बिटांची पट्टी घ्यायची, ती उघडी ठेवायची, आणि पट्टीत जिथं १ आहे तिथले इनपुटचे बिट मिळवून बेरीज सम का विषम. या एका बिटावर पुढची आख्खी इमारत आहे. त्यातून स्यूडोरँडम जनरेटर, म्हणजे थोड्या रँडम बिटांतून रँडमसारखीच दिसणारी लांब पट्टी काढणारा (कुठल्याही वन-वे फंक्शनमधून तो बनतो हे होस्टाड, इम्पाग्लियाझो, लेविन, लुबी यांनी पूर्ण केलं, पेपर १९९९ चा), जनरेटरमधून स्यूडोरँडम फंक्शन, त्यातून सिमेट्रिक एन्क्रिप्शन (दोन्हीकडं एकच गुपित की), आणि वेगळ्या वाटेनं डिजिटल सिग्नेचरसुद्धा. सगळं मिनिक्रिप्टमध्ये. पब्लिक की मात्र या वाटेनं मिळत नाही, इम्पाग्लियाझो आणि रुडिचनं १९८९ मध्येच दाखवलं की वन-वे फंक्शन नुसतं आतलं न बघता वापरून की ठरवण्याचा प्रोटोकॉल बनवण्याचे नेहमीचे मार्ग बंद आहेत. म्हणून पब्लिक कीला फॅक्टरिंग, लॅटिस (ठराविक अंतरानं मांडलेल्या बिंदूंची जाळी) असली खास रचना असलेली गणितं लागतात, आणि रचना आली की हल्ल्यालाही धरायला कायतरी मिळतं.

याच तपासणीत अजून एक बघा, तुमचं एन्क्रिप्शन एकाच मेसेजचा दर वेळी एकच सायफरटेक्स्ट (गुप्त केलेला मजकूर) देतंय का? देत असेल आणि पब्लिक की असेल तर गेम संपला. मेसेज ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच असेल तर हल्लेखोर दोन्ही स्वतः एन्क्रिप्ट करून जुळवून बघतो. गोल्डवासर आणि मिकालींनी १९८२ मध्ये एन्क्रिप्शनमध्ये रँडमनेस पाहिजेच हे मांडलं, २०१२ चं ट्युरिंग अवॉर्ड दोघांना मिळालं.

आकड्यांचं थोडक्यात. ‘पॉलिनॉमियल’ ही थिअरीची भाषा आहे, एनचा १०० वा घात पण पॉलिनॉमियलच. खऱ्या सिस्टीमला बिट सांगावे लागतात, उदाहरणार्थ २०४८ बिटचं आरएसए एनआयएसटीच्या (अमेरिकेची स्टँडर्ड ठरवणारी सरकारी संस्था) हिशोबानं साधारण ११२ बिटची ताकद देतं, म्हणजे फोडायला अंदाजे २ चा ११२ वा घात एवढ्या स्टेप्स. तुमच्या रिडक्शनमध्ये हल्लेखोराची ताकद किती पटीनं घटते तेही त्यात धरा.

क्वांटमचा प्रश्न एक्स्टर्नल विचारणारच. शोरनं १९९४ मध्ये दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर फॅक्टरिंग आणि डिस्क्रीट लॉग (मॉड्युलोत कितवा घात केलाय ते शोधणं) दोन्ही फास्ट करेल, म्हणून एनआयएसटीनं ऑगस्ट २०२४ मध्ये नवी स्टँडर्ड काढली, त्यातली मुख्य लॅटिसवरची. लॅटिसचं आकर्षण वर्स्ट केस-अ‍ॅव्हरेज केसवाल्या दरीमुळंच आहे: ऐताईनं १९९६ मध्ये दाखवलं की काही लॅटिस प्रॉब्लेमची रँडम उदाहरणं सोडवता आली तर एका संबंधित प्रॉब्लेमची सगळ्यात वाईट उदाहरणंसुद्धा सुटतात, आणि रेगेवनं २००५ मध्ये त्याच धर्तीवर एलडब्ल्यूई (थोडी चूक मिसळलेल्या समीकरणांतून गुपित शोधायचं गणित) आणलं ज्यावर एन्क्रिप्शन होतं. मर्कल-हेलमनकडं नेमका हाच पूल नव्हता. (वर्स्ट केसवाला तो प्रॉब्लेम अंदाजे उत्तर चालणारा असतो आणि त्या पातळीला तो एनपी-हार्ड आहे असं मानलं जात नाही, त्यामुळं इथंही तो शब्द वापरू नका.) आणि नवीन म्हणजे मजबूत असंही नाही, एसआयकेई नावाचा उमेदवार एनआयएसटीच्या चौथ्या फेरीपर्यंत गेला होता, २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी त्याची सगळ्यात लहान साइज साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात फोडली.

शेवटी ब्लॅक बुकात लिहायचं काय ते. ‘अनब्रेकेबल’ खोडा. त्या जागी एक वाक्य, ज्यात चार गोष्टी असतील: कुठलं गृहीतक, ते कुठल्या वितरणातून काढलेल्या रँडम उदाहरणांवर, हल्लेखोराला काय काय करायची मुभा, आणि रिडक्शन कितव्या पानावर आहे. रिडक्शन जमत नसेल, आणि बहुतेकांना जमत नाही, तर स्वतःचा सायफर काढून टाका, चांगल्या लायब्ररीतलं एईएस-जीसीएम (तयार, स्टँडर्ड सिमेट्रिक एन्क्रिप्शन) घाला, आणि तो चाप्टर तुमच्या जुन्या सायफरवरचा हल्ला म्हणून लिहा. स्वतःचाच सायफर नीट फोडून दाखवलेला प्रोजेक्ट व्हायवात कितीतरी जास्त वेळ टिकतो, आणि त्यातला प्रत्येक आकडा तुम्हाला स्वतःला सांगता येतो.